बिस्किटांच्या डब्यातला कान

पत्रकं लिहून लिहून माझं मराठी बिघडलं, हे आधीच सांगतो. मला साधं वाक्य लिहिताच येत नाही. ‘एस.टी. उशिरा आली’ एवढं लिहायला बसलो तरी ‘एस.टी. उशिरा आली, पण कोणाच्या आशीर्वादाने?’ असं होऊन बसतं. तेव्हा पुढे कुठे उद्गारचिन्हं जास्त झाली तर वाचकांनी ती मनातल्या मनात खोडावीत.

मालवणात आमची कृती समिती होती. समितीत आम्ही तिघे: एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि मी, म्हणजे जनता. आमचा विषय वीज. दिवेलागण झाली की सगळ्या किनाऱ्यावरच्या बल्बांना कावीळ व्हायची. आतली तार तांबडी होऊन नुसती बघत बसायची. यावर मी ‘हा उजेड की उपकार?’ असं पत्रक लिहिलं. छापखान्यात लग्नपत्रिकांचा गुलाबी कागद उरला होता, त्यावर ते छापून घेतलं. लोक हातात घेऊन आधी मुहूर्त शोधायचे.

याच काळात मी पोस्टाने शिकवला जाणारा रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रमही पुरा केला होता. प्रमाणपत्र आलं होतं, त्यावर सोनेरी शिक्का होता. म्हणजे विजेला शिव्या घालण्याचा अधिकार मला आता दोन्ही बाजूंनी मिळाला होता.

मामा आचऱ्याला राहत. भजनाचे बुवा. आमच्याकडे डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. माटवात, म्हणजे मांडवात, दोन मंडळं समोरासमोर बसतात, प्रत्येकाची पेटी वेगळी, पखवाज वेगळा. एक बुवा गाता गाता सवाल टाकतो. तो पुराणातला असेल, नाहीतर समोरच्या बुवाच्या टकलावरचा असेल. समोरच्याने तो ऐकायचा, तिथल्या तिथे शब्द जुळवायचे आणि गाऊनच परत करायचा. लोक गळ्यासाठी येतात हे खरं, पण बसून राहतात ते या देवाणघेवाणीसाठी. मामांचं नाव होतं ते यातच. सवाल पुरता संपायच्या आत त्यांची पेटी उत्तराचा सूर धरायची.

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, भरती ओसरते तसे. आधी पाखरं गेली, मग मामीचा स्वयंपाकघरातला आवाज गेला (त्याची मामांनी तक्रार केली नाही), आणि मग समोरच्या बुवांचे शब्द गेले. एका बारीत समोरून सुदाम्याच्या पोह्यांवर सवाल आला आणि मामांनी सेतू बांधणाऱ्या वानरांचं उत्तर दिलं. लोकांना आधी वाटलं, बुवांचा डाव आहे, आता वानरांकडून पोह्यांकडे कसे येतात बघूया. मामा आलेच नाहीत. वानरांबरोबर थेट लंकेला गेले.

त्याहून वाईट होतं ते हसणं. समोरच्याने विनोद केला की मामा आधी लोकांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे. माटवातलं हसू विरता विरता यांचं सुरू व्हायचं. बुवा बहिरे झाले, हे गावाला त्या उशिराच्या हसण्यावरून कळलं.

खिशात ठेवायचं कानाचं यंत्र आणून झालं होतं. ते पेटीजवळ गेलं की शिट्टी घालायचं. शिवाय जे सगळ्यात जवळ तेच मोठं करून सांगायचं: मामांची स्वतःचीच पेटी, स्वतःच्याच मंडळाच्या झांजा. कर्ण्यातून येणारा समोरच्या बुवांचा आवाज म्हणजे त्यांना नुसता गडगडाट. शब्द नाहीच. यंत्र फडताळात गेलं.

चैत्रात देवळासमोर बारी ठरली. समोर वालावलकडचे बुवा, जिभेचे एकदम तिखट. मी आचऱ्याला गेलो तेव्हा मामा घरापुढच्या खळ्यात बसून पेटीच्या पट्ट्या मऊ फडक्याने पुसत होते.

“ही बारी झाली की पुरे,” ते म्हणाले. “हिच्यात पण वानर इले, तर पेटी माळ्यार. लोकांनी उठ म्हणूच्या आधी आपण उठूचा.”

मामी शेणी रचत होती. तिने तीच शेणी दोनदा उचलली आणि दोनदा ठेवली.

“हे मी होऊ देणार नाही!” मी म्हणालो. सभेत बोलतो तसा, हात वर करून. इतक्या मोठ्याने की ते मामांनाही ऐकू गेलं.

“काय करतलंस? पत्रक काढतलंस?” मामा म्हणाले. “कोणाच्या विरुद्ध? माझ्या कानांच्या?”

माझी योजना साधी होती. वालावलच्या बुवांच्या मायक्रोफोनच्या दांड्याला आपला एक छोटा मायक्रोफोन बांधायचा. तिथून वायर मामांपर्यंत आणायची. मामांच्या मांडीजवळ एक डबा. तो आवाज वाढवणार आणि मामांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये सोडणार. मधल्या पेट्या, झांजा, कर्णे सगळे बाद! समोरच्या बुवाचं तोंड आणि मामांचा कान, मध्ये कोणी दलाल नाही.

नकाशा एका इंग्रजी मासिकात मिळाला. हेडफोन मुंबईच्या जुन्या बाजारातून कोणाकडून तरी मागवला. काळा, जड, बहुधा कुठल्यातरी बोटीवरच्या बिनतारीवाल्याच्या डोक्यावरचा. डबा म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर टोपलीत बसलेलं मांजराचं पिल्लू. ट्रान्सफॉर्मर आणि काही भाग एका मेलेल्या रेडिओतून काढले. मामांच्या पडवीत बसून मी ते सगळं जोडलं. मामी येता-जाता वाकून बघायची. “दिवाळीक ह्याच्यात चकल्यो रवत असत,” असं एकदा म्हणाली आणि पुढे गेली.

पहिल्यांदा चालू केलं. मामांच्या डोक्यावर हेडफोन. पडवीच्या दुसऱ्या टोकाला मी मायक्रोफोनसमोर उभा. “मामानू, आयकाक येता?”

मामांचा चेहरा उजळला. “येता, येता!”

“काय येता?”

“घोंऽऽऽ.”

हेडफोन मी कानाला लावला. खरंच, नुसती घोंघों. गांधीलमाशीचं पोळंच डब्यात ठेवल्यासारखी. त्या घोंगावण्यात माझा आवाज कुठे सापडत नव्हता.

आता शिकलेला माणूस इथे काय करतो? दोष शोधतो. मी शोधला नाही. मला शोधण्याची गरज नव्हती, कारण दोष कोणाचा हे मला डबा उघडण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. वीज! जी वीज बल्ब पेटवू शकत नाही ती मामांच्या कानापर्यंत शुद्ध कशी पोचणार? मी ताबडतोब कागद घेतला आणि मथळा लिहिला: ‘आता कानांवरही अन्याय!’ खाली तीन परिच्छेद झाले. मग अभ्यासक्रमातली एक गोष्ट आठवली म्हणून डबा टॉर्चच्या सेलवर चालवून पाहिला. घोंघों जवळजवळ गेली.

“सिद्ध झालं!” मी ओरडलो. “सेलवर गप्प, विजेवर घोंघों. आरोपी सापडला.”

मामी आत तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

“आणि ह्यो रेडियो खंयच्या विजेर चलता रे?” तिने विचारलं.

पडवीत मामांचा रेडिओ शेतीचा कार्यक्रम सांगत होता. त्याच भिंतीतल्या त्याच पिनेवर. त्याच्यात घोंघों नव्हती. खत किती घालायचं ते स्वच्छ ऐकू येत होतं.

मी कागदाची घडी करून खिशात घातली. फाडली नाही. पत्रकवाला मजकूर कधी फाडत नाही, तो पुढे कुठेतरी लागतो.

तिथून पुढे खरी शोधाशोध सुरू झाली. तिची रीत मला कागदावर पाठ होती, अंगवळणी नव्हती. पत्रकात आरोपी मथळ्यातच असतो आणि पुरावा खाली सवडीने गोळा करतात. इथे उलटं. टोकापासून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा निर्दोष ठरवत मागे यायचं. विजेचा भाग आधी. ट्रान्सफॉर्मरमधून वीज निघते, ती लाटांसारखी वरखाली असते. पुढे कंडेन्सर नावाचं एक नळकांडं तिला सपाट करतं, विहिरीवरची कुंडी जसा रहाटाचा धक्क्याधक्क्याने येणारा पाण्याचा ओघ एकसारखा करते तसं. माझी कुंडी त्या मेलेल्या रेडिओतून काढलेली. आतून सुकलेली. ती बदलली आणि घोंघों निम्म्यावर आली.

उरलेली निम्मी सापडली ती अशी की, पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला की ती कमी व्हायची, काढला की वाढायची. डब्याचा पत्रा आतल्या अर्थिंगच्या तारेला बांधलेलाच नव्हता. म्हणजे मी बांधला होता, पण बिस्किटवाल्यांच्या रंगावरून! रंगाखाली पत्रा असतो, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मांजराच्या पिल्लाचा एक पाय कानशीने घासला, खालचा पत्रा चमकला, तिथे कथलाने तार डागली. घोंघों गेली.

“आयकाक येता?”

“येता!” मामा म्हणाले. मग चेहरा वाकडा केला. “आता कोणतरी पापड मोडता.”

करकर. डब्याला हात लागला की करकर, मामांनी मान हलवली की करकर, मध्येच आवाज गायब आणि मध्येच जोरात परत. या दोषाची तपासणी मला मनापासून आवडली, कारण ती थेट चौकशी होती. लाकडी पेन्सिल घ्यायची आणि आतल्या एकेका जोडाला हळूच टिचकी मारायची. निर्दोष जोड गप्प बसतो. दोषी जोड ओरडतो. एक ओरडला. भिंग लावून पाहिलं तर तारेभोवतीचं कथील चकचकीत नव्हतं, राखेसारखं फिकट होतं. वितळलं होतं पण धरलं नव्हतं. मग दुसरा ओरडला. मग तिसरा. सगळे मी एकाच संध्याकाळी डागलेले.

आणि मला उमगलं. संध्याकाळी! दिवेलागणीनंतर! कथील डागण्याची इस्त्री तापलीच नव्हती, कारण वीज कमी! म्हणजे शेवटी दोष विजेचाच!

आनंदाने मी मामांना मिठी मारायचाच बाकी राहिलो. “मामानू, वीजच. मी सांगत होतो.”

“ती दुपारची बरी आसता ना?” मामा म्हणाले.

“असते.”

“मगे दुपारी कर.”

एवढ्या मोठ्या अन्यायाचा निकाल इतका साधा लागलेला मला अजिबात पटला नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळी वाडी आडवी झाली, पंखे बंद, गिरणी बंद, तेव्हा मी इस्त्री लावली. ती कडकडीत तापली. कथील पाण्यासारखं पळालं. सगळे जोड नव्याने डागले आणि मामांना सवय व्हावी म्हणून डबा तिथेच ठेवला. मालवणला परतल्यावर अध्यक्षांना ही हकीकत पत्रकात घालूया म्हटलं. ते म्हणाले, “लोकांना बल्ब कळतो रे. कथील नको.”

बारीच्या आठवड्यात परत आचऱ्याला गेलो. जाताना छाती पुढे होती. मामांनी हेडफोन लावला, मी मायक्रोफोनमध्ये गवळण म्हटली. आवाज माझा, म्हणजे त्याला गवळण म्हणणं हा गवळणींवर अन्याय, पण ते असो.

मामांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “मागच्या खेपेपेक्षा कमी येता.”

“कमी?”

“तोंडार गोधडी घेवन बोलतंस तसो. उजव्यात तर कायच नाय.”

मागच्या खेपेला नवा होता तो डबा. आता कमी? मी डबा उघडला. विजेचा भाग निर्दोष. मग एकेका टप्प्याच्या तोंडाला बोट लावून पाहिलं. आपलं बोट लागलं की चालू टप्पा हेडफोनमध्ये गुरगुरतो. शेवटचा गुरगुरला, मधला गुरगुरला, पहिला गुरगुरला. सगळे जिवंत. तरी मी ट्रान्झिस्टर बदलला, कारण एक जवळ होता. काही फरक नाही. व्हॉल्यूमचं बटण बदललं. काही नाही. समुद्राची खारी हवा, गंज, ओल, यांच्याविरुद्ध मनात एक पत्रक तयार होऊ लागलं. आणि बारी उद्यावर आलेली. मामा पेटीजवळ बसून बोटांनी नुसत्या पट्ट्या चाचपत होते, भाता न हलवता. मामी मधून मधून दोघांकडे बघत होती.

शेवटी डब्याचा नाद सोडून मी हेडफोनकडे वळलो. डाव्या-उजव्या वायरी एकमेकींच्या जागी लावल्या. दोष डब्यात असता तर आता डावा कान मुका झाला असता. पण मुका राहिला तो उजवाच. म्हणजे डबा सुटला! दोष हेडफोनच्या उजव्या वाटीत.

वाटीचं झाकण फिरवून काढलं. आत पातळ लोखंडी चकती असते, ती थरथरते आणि बोलते. माझी चकती थरथरणार कशी? ती पोहत होती. पिवळसर, चिकट. बोट लावून वास घेतला. खोबरेल. आणि लसूण.

“मामी!”

ती पदराला हात पुसत आली.

“मामांच्या कानात तेल घालतंस?”

“मगे? कानाक तेल नको? लसणीची पाकळी कडवून घालतंय. रोज.”

“कधी?”

“तुझा यंत्र लावूच्या आधी. म्हटला, जरा वाट मोकळी जायत, तुझो आवाज बरो आत जायत.”

म्हणजे मी जेवढा आवाज वाढवत होतो, तेवढं मामी तेल वाढवत होती. दोघांनाही मामांना ऐकू यावं हीच तळमळ. मासिकातल्या नकाशात या दोषाला जागा नव्हती. ट्रान्झिस्टर तपासा, कंडेन्सर तपासा, मायक्रोफोन तपासा. मामी तपासा, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“आणि मामानू, तुमी काय बोलल्यात नाय?”

“काय बोलू? ती घालता, तू लावतंस. दोघांचा मन मोडूक नको.”

उजव्या कानावरच का, तेही कळलं. मामा उजव्या कुशीवर पडून डाव्या कानात तेल घालून घ्यायचे, मग डाव्या कुशीवर वळून उजव्यात. आणि उजवा कान भरला की लगेच उठून हेडफोन लावायचे. डावा तोवर उशीवर निथळलेला असायचा.

मी चकती बाहेर काढली, रॉकेलच्या बोळ्याने पुसली, कोरड्या फडक्याने पुसली, फुंकर घालून बसवली. मामीने मामांचे कान कापसाने पुसले, पितळेची समई पुसावी तसे. मग तिने स्वतःच मायक्रोफोन हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. तो तोंडापासून लांब धरून, एखादी पाल धरावी तसा.

“आयकाक येता?” ती हळूच म्हणाली. अगदी हळू. घरात बोलतो तसं.

मामांनी तिच्याकडे पाहिलं.

“तुझो आवाज असो आसा, माका विसर पडललो,” ते म्हणाले.

“शिरा पडो तुमच्या तोंडार,” मामी म्हणाली आणि मायक्रोफोन माझ्या हातात कोंबून आत गेली.

बारीच्या दिवशी देवळासमोर माटव घातलेला. रंगीत बल्बांच्या माळा, रोषणाईवाला त्या पेटवून बघत होता. मी दुपारीच जाऊन वायर टाकली, मामांच्या बैठकीपासून वालावलच्या बुवांच्या मायक्रोफोनपर्यंत, माटवाच्या कडेने. डबा सेलवर ठेवला. विजेवर विश्वास ठेवून बारीला बसण्याइतका मी अजून खुळा नव्हतो. चालू केला. घोंऽऽऽ!

सेलवर? घोंघों? माझं तोंड उघडलंच होतं, शब्द जिभेवर आले होते, रोषणाईवाल्याला चार गोष्टी सुनवायच्या तयारीत मी वळलोही होतो. मग बघितलं, माझी मायक्रोफोनची वायर त्याच्या बल्बांच्या माळेला अख्ख्या लांबीभर खेटून गेली होती. नेणारा मीच. कड सरळ दिसली म्हणून. वायर उचलली, बल्बांपासून दूर, जमिनीवरून लोकांच्या मधून नेली. घोंघों थांबली. रोषणाईवाला विचारत होता, “काय रे, काय सांगत होतस?” मी म्हटलं, “काय नाय. माळा बरी दिसता.”

मामा आले ते गळ्याभोवती आणि डोक्याभोवती जाड लोकरी मफलर गुंडाळून. हेडफोन दिसू नये म्हणून. चैत्राचा उकाडा, माटवात माणसांची दाटी, आणि मामा काश्मीरला निघाल्यासारखे. मी त्यांच्या मागे डब्यापाशी बसलो. खांद्याला पिशवी, पिशवीत गुलाबी पत्रकं. अध्यक्षही मालवणहून आले होते. बारी काय नि सभा काय. इतके लोक एका ठिकाणी परत कधी मिळणार?

नमन झालं. पहिला अभंग झाला. मग वालावलच्या बुवांनी पेटीवर एक हात ठेवला, मामांकडे पाहून गालात हसले आणि गाऊन टाकलं:

“चैत्राच्या उन्हात बुवांक भरला हीव,
मफलरात लपयल्यानी कान की जीव?”

मामा हसले. मी मागे होतो, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हललेले दिसले. मग माटव हसला. आधी मामा, मग माटव. वायरीतून आवाज कर्ण्याच्या आधी पोचतो की काय हे मला माहीत नाही, अभ्यासक्रमात ते नव्हतं. मी तेव्हा श्वास घेत नव्हतो, एवढं आठवतं.

मामांनी मफलर सोडला. सावकाश, एकेक वेढा, सगळ्यांदेखत. काळा जड हेडफोन दिसला तशी कुजबुज झाली. मामांची पेटी सुरात होतीच.

“भाच्यान माझ्या विजेक पत्रकान झोडल्यान,
काय उजेड पडाना, म्हणान मामाक जोडल्यान!”

माटव कोसळला. वालावलचे बुवा पेटीवर डोकं टेकून हसत होते. पुढच्या रांगेत वीज कचेरीतला वायरमन बसला होता, तो तर मांडीवर थापा मारत होता. मागे वळून लोक मला बघत होते. मी समितीच्या वतीने गंभीर राहण्याचा प्रयत्न केला. पुढचा सवालही माझ्यावरच आला, त्याचं उत्तरही माझ्यावरच. दोन्ही बुवांना त्या दिवशी पुराणाची गरजच पडली नसती. पण नंतर वालावलच्या बुवांनी गोवर्धन काढला, आणि रंग चढला.

आणि तेवढ्यात वीज गेली. गेली म्हणजे पुरती गेली नाही. आमच्याकडची वीज कधी सरळ जात नाही. बल्ब पिवळे झाले, मग तांबडे. पंखे थांबले. कर्ण्यांचं यंत्र एकदा घसा खाकरून मुकं झालं. समोर वालावलचे बुवा गात होते, त्यांचे ओठ हलत होते, पण एवढ्या गर्दीत मागच्यांना शब्द पोचेना. “आयकाक येणा नाय! आयकाक येणा नाय!” मागून ओरडा सुरू झाला.

मामांनी हात वर केला. माटव शांत झाला.

“बुवा इचारतत,” मामा खड्या आवाजात म्हणाले, “कृष्णान गोवर्धन उचलल्यान, तेव्हा बळरामदादा खंय होतो? आयकलात?”

हो, ऐकलं! सगळ्या माटवात त्या क्षणी वालावलच्या बुवांचा शब्द न् शब्द ऐकू येणारा माणूस एकच होता, तो म्हणजे आमचे बहिरे मामा. बुवा ओळ म्हणायचे, मामा ती लोकांना सांगायचे आणि मग तिचं उत्तर गायचे. बळरामदादा, ते म्हणाले, पावसात भिजत गुरं हाकीत होता, कारण डोंगर उचलणारा एकच असतो आणि वासरं गोळा करणारा कोणीतरी लागतो. लोक ऐकायला पुढे सरकू लागले.

पुढे सरकले ते माझ्या वायरीवरून. मामांनी माझ्याकडे वळून कानाला हात लावला. आवाज बंद.

आता घाबरायला वेळ नव्हता आणि संतापायलाही नव्हता. मामांच्या हेडफोनची एक वाटी माझ्या कानाशी ओढली. डब्यावरच्या मायक्रोफोनच्या भोकात बोट: गुरगुर. म्हणजे डबा सुटला, हेडफोन सुटला, दोष वायरीत. मी गुडघ्यांवर बसलो आणि वायर हातात धरून लोकांच्या पायांतून रांगत निघालो. कोणीतरी म्हणालं, “पत्रकवाल्याचा काय हरावला रे?” मधल्या जोडावर कोणाचा तरी पाय पडून पिन अर्धी निखळली होती. बसवली तर परत निसटायची, भोक सैल झालं होतं. बोटांनी दाबून धरली तरच टिकायची. मी दाबून धरली. पुढे मामांचा हात वर झाला, म्हणजे येतंय.

तेवढ्यात अध्यक्ष अंधारातून माझ्या कानाशी आले. “अरे, आता! आता वाट! सगळो गाव हय आसा, वीज गेलेली आसा, असो पुरावो परत मिळाचो नाय! पिशवी खंय?”

“पाठीर,” मी म्हटलं. “माका हात मोकळो नाय.”

“काय धरलंस?”

“मामांक.”

त्यांनी माझ्या खांद्यावरून पिशवी काढून घेतली आणि स्वतःच वाटत सुटले. लोकांनी पत्रकं घेतली. वाचणार कशी? बल्ब तांबडे. पंखे बंद. सगळ्या माटवात गुलाबी कागद हलू लागले, वारा घ्यायला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने एकाची नीट दोन घड्या घालून पंखा केला आणि म्हणाला, “कागद जाड आसा. बरो आसा.”

मी पिन दाबून बसलो होतो, कोणाच्या तरी चपलांच्या मधोमध. समोर वालावलचे बुवा काहीतरी म्हणाले, मला ते ऐकू आलं नाही, कोणालाच आलं नाही. पण मामा मोठ्याने हसले. मग आम्ही सगळे थांबलो, मामा काय झालं ते सांगतील म्हणून.